पंचविसावं भोक

१

पिंपाला खालून श्वास लागतो, नाहीतर ते जळत नाही, नुसतं धुमसतं. थोरल्याचं हे ठरलेलं वाक्य होतं, आणि ते ऐकल्याशिवाय कुठलंही गिऱ्हाईक वर्कशॉपच्या दारातून बाहेर पडू शकत नसे. पालापाचोळा आणि कागद जाळायची पिंपं बनवण्यात त्याची हयात गेली होती. रंगाच्या कारखान्यातून दोनशे लिटरचे रिकामे ड्रम यायचे. ते उलटे उभे करायचे, वर आलेला तळ कापून काढायचा, म्हणजे बुचांची बाजू जमिनीकडे राहते. मग भोकं. जमिनीपासून चार बोटं सोडून पहिली ओळ, त्यावर वीतभर अंतरानं दुसरी, तिसरी. एका ओळीत आठ. तीन ओळी, चोवीस भोकं. खाली तीन विटा, वर बारीक जाळीचं झाकण.

"झाकण विसरू नका हं," तो गिऱ्हाईकाला बजावायचा. "नाहीतर जळका कागद उडून शेजाऱ्याच्या चादरीवर बसेल आणि शेजारी तुमच्या उरावर."

हा धंदा दोघा भावांचा. थोरला ड्रम धुवायचा, धाकटा कापायचा आणि भोकं पाडायचा. धुणं म्हणजे गंमत नव्हती. ड्रममध्ये थिनरची वाफ राहिली आणि ग्राइंडरची एक ठिणगी आत गेली, की तो ड्रम बॉम्बच. म्हणून सोड्याच्या गरम पाण्यानं तीनदा धुवायचा, काठोकाठ पाणी भरून रिकामा करायचा, बुचं उघडी ठेवायची. मग उलटा उभा करून तळावर खडूनं बरोबरची खूण करायची आणि बोटाच्या पेरानं तीनदा ठोकायचं. टक, टक, टक. म्हणजे, धुतलंय, काप. मशीनच्या आवाजात बोलून घसा फोडण्यापेक्षा हे बरं. सव्वीस वर्षं त्या तीन टकटकींवर धंदा चालला. धाकट्यानं एकदाही ड्रम कलता करून खाली पाहिलं नाही. कशाला पाहील? मोठ्या भावानं ठोकलं होतं.

मागच्या वर्षी धाकटा गेला. ड्रम कापताना स्फोट झाला आणि तळाचा पत्रा छातीवर आला. चौकशीला आलेल्या साहेबांनी लिहून घेतलं की मयतानं ड्रम न धुता परस्पर कापायला घेतला. गल्लीतही तेच झालं. धाकटा तसा धांदरटच होता हो, लोक म्हणायचे. मेलेल्या माणसाला धांदरट म्हणायला कुणाचं काय जातं?

साहेबांना तसं सांगितलं होतं थोरल्यानं. त्या दिवशी टेम्पो दारात उभा होता, ड्रम पाच होते, आणि थोरल्यानं धुतले चार. पाचव्यावर त्यानं नुसतीच खूण केली होती आणि तीनदा ठोकलं होतं.

२

हे सगळं कागदावर लिहिलेलं होतं, ही त्यातली अवघड गोष्ट.

स्फोट झाला त्या संध्याकाळी साहेब यायच्या आधी थोरल्यानं एक पानभर खरं-खरं लिहून काढलं होतं. मग बाहेर धाकट्याच्या बायकोचं रडणं ऐकू आलं. तिनं विचारलं, तर तिला काय तोंड दाखवायचं? त्यानं ते पान घडी घालून कपाटातल्या कप्प्यात, तळाला अंथरलेल्या कागदाखाली सारलं आणि दुसरं लिहिलं. पहिलं पान फाडायला त्याचा हात धजला नाही. वर्षभर ते तिथंच होतं आणि थोरला त्या कपाटाकडे पाठ करून झोपत होता.

त्या रविवारी सकाळी थोरलीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कपाट आवरायला काढलं.

"हा कप्पा तुमचा," ती म्हणाली. "तुम्हीच बघा. मी हात घातला तर सरसकट रद्दीत जाईल, मग ओरडू नका."

"मी बघतो," तो इतक्या घाईनं म्हणाला, की तिनं वळून पाहिलं.

"काय पत्रंबित्रं आहेत की काय कुणाची? या वयात?"

तो कसनुसा हसला. जुनी हमीपत्रं, फाटकी पाकिटं आणि त्यात ते पान, असा गठ्ठा घेऊन तो मागच्या अंगणात गेला. अंगणात त्यांचं घरचं पिंप होतं, धाकट्यानं बनवलेलं, अकरा वर्षांचं. अंगणाच्या या बाजूला थोरल्याचं घर, त्या बाजूला धाकट्याच्या दोन खोल्या, आणि मध्ये वर्कशॉपची मागची भिंत.

पालापाचोळा पेटला तशी त्यानं एकेक कागद आत सोडला. गठ्ठा टाकला तर आतला भाग कोरा राहतो, हे त्याला सांगायला नको होतं. शेवटी ते पान. ते आधी पिवळं झालं, मग तपकिरी, मग काळं, आणि आगीत उताणं पडून राहिलं. काळ्यावर अक्षरं राखाडी चमकत होती. जळलेल्या कागदावरचं लिहिलेलं वाचता येतं, म्हणून काळं पान सळईनं ढवळून फोडल्याशिवाय कागद संपला असं म्हणू नये. हेही तोच गिऱ्हाईकांना सांगायचा.

त्यानं सळई उचलली, आणि पिंपातून आवाज आला.

टक, टक, टक.

सळई त्याच्या हातातून पडली. तापलेला पत्रा वाजतो, त्यानं स्वतःला सांगितलं. लोखंड फुगतं, आक्रसतं, त्यात नवल ते काय? पण पत्रा कसाही वाजतो, कधी एकदा, कधी सात वेळा. हे तीन एका मापाचे होते, मध्ये तेवढीच उसंत सोडून. त्यानं कसंबसं जाळीचं झाकण ढकललं आणि तो घरात गेला. तोंडावर पाणी मारताना त्याच्या लक्षात आलं की आपण ढवळलंच नाही. पण परत जायची त्याची छाती झाली नाही.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी तो राख उपसायला गेला. काल आपण पोरासारखे घाबरलो, याचं त्याला हसू येत होतं. पिंप गार होतं. आत राखेचा सपाट थर होता आणि ते पान कुठंच दिसत नव्हतं. गेलं, तो म्हणाला, सुटलो. आणि पिंप कलतं करायला त्यानं बाजूनं हात घातला, तर बोटाला काहीतरी कचकन लागलं.

रक्त आलं होतं. त्यानं वाकून पाहिलं. तिसऱ्या ओळीच्या वर, जिथं कोरा पत्रा असायला हवा, तिथं एक भोक होतं. नवं. कडेचं लोखंड पांढरं चकचकीत होतं, आणि बाकीचं सगळं पिंप तर गंजानं तांबडं झालेलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे तो मटकन खाली का बसला ते कळेल. ड्रिल पत्र्यात ज्या बाजूनं शिरतं, ती बाजू गुळगुळीत राहते. ज्या बाजूनं ते बाहेर पडतं, तिथं पत्र्याची धारदार कड उभी राहते. पिंपाला भोकं बाहेरूनच पाडतात, त्यामुळे कड आतल्या बाजूला असते. या भोकाची कड बाहेर होती. तीच बोटाला लागली होती.

कुणीतरी आतून भोक पाडलं होतं.

त्यानं आत हात घालून चाचपलं. आतून भोक गुळगुळीत होतं, आणि त्याच्या अगदी शेजारी एक बारीक खड्डा लागला. धाकट्याची ती खोड होती. भोकाची जागा ठरवायला पंच ठेवून तो हातोडा एकदा मारायचा, तो चुकायचा, मग दुसऱ्यांदा मारायचा. त्यामुळे त्याच्या प्रत्येक भोकाशेजारी एक चुकार खड्डा असे. "अरे, एकदा तरी सरळ मार की," थोरला त्याला चिडवायचा. "मग माझं काम कुणी केलं ते कसं कळणार?" धाकटा म्हणायचा.

थोरल्यानं अंगणभर नजर टाकली. कुणी नव्हतं. दोरीवर कपडे होते, वर्कशॉपचं मागचं दार बंद होतं. भोकाचं तोंड धाकट्याच्या खोल्यांच्या दाराकडे होतं. त्यानं पिंप विटांवर फिरवलं, भोक भिंतीकडे केलं आणि बोटाला चिंधी बांधून कामाला गेला.

४

नवरा गेल्यावर धाकटी माहेरी जाईल, असं सगळ्यांना वाटलं होतं. ती गेली नाही. पंधराव्या दिवशी ती वर्कशॉपमध्ये आली, नवऱ्याचा एप्रन कमरेला दोन वेढे घालून बांधला आणि म्हणाली, "भाऊजी, मला ड्रिल शिकवा. कापणं नको. नुसती भोकं."

आता तिचा हात बसला होता. धुणं आणि कापणं थोरला स्वतः करायचा, भोकं ती पाडायची. कमी बोलायची. नवऱ्याचा विषय निघाला की एकच म्हणायची, "जरा बघून केलं असतं तर काय बिघडलं असतं?" आणि हे ऐकलं की थोरला पुढचा ड्रम धुवायला घ्यायचा. ती मेलेल्या नवऱ्यावर रुसलेली होती. तो रुसवा थोरल्यानं तिला दिला होता, आणि तो परत घ्यायचं धाडस त्याच्यात नव्हतं. खरं सांगितलं तर ती त्याचं तोंड पाहणार नाही, थोरलीही पाहणार नाही, घर दुभंगेल. त्याला रोज याचीच भीती वाटायची.

मंगळवारी दुपारी ती ड्रिल बंद करून त्याच्यापाशी आली. तिच्या तळहातावर काळा, पातळ, पोळीच्या करपल्या पापुद्र्यासारखा कागदाचा तुकडा होता.

"माझ्या दोरीवर होता," ती म्हणाली. "सकाळी धुतलेल्या ओढणीवर. भाऊजी, यावर अक्षर दिसतंय बघा."

"रविवारी जुने कागद जाळले. उडाला असेल."

"झाकण नव्हतं?"

"होतं."

"मग उडाला कुठून?"

कुठून ते त्याला माहीत होतं.

"अक्षर तुमचं आहे," ती तुकडा उजेडाकडे धरून म्हणाली. "जळल्यावरसुद्धा वाचता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं."

"काय... काय लिहिलंय?"

तिनं थोडा वेळ पाहिलं. "एवढंसं आहे. लागत नाही." तिनं खिशातून पत्र्याची चपटी डबी काढली, तुकडा तीत अलगद ठेवला आणि झाकण लावलं. झाकण लावताना थोरल्याला आत आणखी काहीतरी काळं दिसल्यासारखं वाटलं. पण रविवारची राख त्यानं सोमवारी उपसून झाडाच्या बुंध्याशी पुरली होती. त्यावर पाणी ओतलं होतं.

५

बुधवारी सव्विसावं भोक होतं. गुरुवारी सत्ताविसावं. दोन्हींची कड बाहेर, दोन्हींशेजारी चुकार खड्डा, आणि दोन्हींचं तोंड धाकटीच्या दाराकडे. पिंप त्यानं कितीही फिरवलं तरी नवं भोक तिकडेच पडायचं.

थोरला काही खुळा नव्हता. आयुष्यभर मापं घेतलेला माणूस तो, भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. त्यानं सरळ विचार केला: हे करणारं कोणीतरी हाडामांसाचं आहे. ड्रिल कुणाला येतं? धाकटीला. नवऱ्याची खोड कुणाला माहीत? तिलाच. म्हणजे तिला सगळं कळलंय आणि ती आपला सूड घेतेय. हा विचार आला तेव्हा, खरं सांगायचं तर, त्याला बरंच वाटलं. माणसाची भीती परवडते.

खात्री करायला म्हणून गुरुवारी त्यानं ड्रिल घेऊन पिंपात हात घालून पाहिला. काखेपर्यंत हात गेला, तरी तिसऱ्या ओळीपाशी ड्रिल आडवं धरता येईना. त्याच्यापेक्षा वीतभर बुटकी धाकटी ते कसं धरणार? आत उतरून? त्यानं खाली पाहिलं. तळाशी काल थोरलीनं जाळलेल्या पाल्याची राख होती, सपाट, कुठंही हात-पाय न उमटलेली. आणि त्या राखेवर, जसे ड्रिल मारणाऱ्याच्या पायाशी पडतात तसे, लोखंडाच्या किसाचे चकचकीत गोळे पडले होते.

त्यानं थोरलीला हाक मारली. "जरा ही भोकं मोज गं."

"मला दुसरी कामं नाहीत का?" पण ती पदराला हात पुसत आली आणि बोटानं मोजू लागली. "सत्तावीस. का?"

"चोवीस असतात."

"तुम्हीच पाडली असतील आणि विसरला असाल. हल्ली तुमचं चित्त ठिकाणावर असतं कुठं? काल चहात मीठ घातलंत." तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "अहो, काय होतंय तुम्हाला? तो गेल्यापासून तुम्ही धड जेवत नाही. मला सांगाल का?"

सांगावंसं त्याला फार वाटलं. ओठांपर्यंत आलं होतं. "काही नाही," तो म्हणाला. "तू जा."

ती गेली. ऊन डोक्यावर आलं होतं. त्यानं जाळीचं झाकण बसवलं, त्यावर जुना पत्रा ठेवला, म्हणजे वरून उजेड नको. मग गुडघे टेकून मधल्या ओळीतल्या एका भोकाला डोळा लावला. आत काळोख होता, आणि समोरच्या बाजूची भोकं चांदण्यांसारखी दिसत होती. सगळी लख्ख. आत काही असतं तर उजेड अडला असता. नाही ना काही? बघ, झालं तुझं समाधान?

तेवढ्यात डावीकडचं टोकाचं भोक विझलं.

ते परत लागलं आणि त्याच्या शेजारचं विझलं. मग ते लागलं आणि त्याच्या पलीकडचं विझलं. सावकाश, एकामागून एक, जसं एखाद्या लहान खोलीत कुणी भिंतीला पाठ घासत फिरावं. थोरल्याला डोळा काढून घेता येईना. ते गोल फिरत येत होतं. उजवीकडचं शेवटचं भोक विझलं. आता पुढचं भोक कुठलं, हे त्याला कळलं. ज्याला त्याचा डोळा लागला होता ते.

तो मागे पडला. पडल्या पडल्या त्यानं पायानं झाकण उडवलं आणि पिंप आडवं केलं. आतून राख सांडली, कीस सांडला. बाकी काही नव्हतं.

६

शुक्रवारी त्यानं ते पिंप घणानं चेपलं. दोनशे लिटरचा पत्रा जमिनीसरसा सपाट होईपर्यंत तो घाव घालत राहिला, हाताला फोड आले तरी. धाकटी दारात उभी राहून बघत होती.

"ह्यांच्या हातचं होतं ते," ती म्हणाली.

"गंजलं होतं गं. पोरंबाळं येतात, कुणाला लागायचं."

"मला विचारायचं तरी."

भंगारवाल्यानं पत्रा हातगाडीवर टाकून नेला, तो कोपऱ्यावरून दिसेनासा होईपर्यंत थोरला फाटकात उभा होता. शनिवारी त्याला गाढ झोप लागली. रविवारी सकाळी तो पोटभर जेवला आणि थोरलीला म्हणाला की बाहेर कुठंतरी जाऊन येऊ चार दिवस. ती इतकी खूश झाली, की तिनं कपाटावरची बॅग लगेच खाली काढली.

सोमवारी अंगणात कुठलंच पिंप नव्हतं. आग नव्हती, राख नव्हती. तरी धाकटीच्या दोरीवर, पांढऱ्या चादरीच्या मधोमध, तळहाताएवढा काळा कागद चिकटलेला होता. थोरल्यानं तो खिडकीतून पाहिला. तो बाहेर धावेपर्यंत धाकटीनं चादर दोरीवरून उतरवली, जपून घडी केली, आणि दार लावून घेतलं.

७

मंगळवारी अकराच्या सुमाराला तो वर्कशॉपमध्ये आला, तर मधोमध एक ड्रम उलटा उभा होता. कालच्या टेम्पोतून आलेला, निळा. त्याला त्यानं अजून हातही लावला नव्हता. तळावर खडूनं बरोबरची खूण केलेली होती.

ड्रमच्या पलीकडे धाकटी उभी होती. नवऱ्याचा एप्रन, कपाळावर सरकवलेला नवऱ्याचा कामाचा चष्मा. तिनं ग्राइंडर उचलून थोरल्याच्या हातात दिला.

"कापा, भाऊजी."

"हा... धुवायचाय अजून."

"मी धुतला." तिनं बोटाचं पेर वाकवलं आणि पत्र्यावर ठोकलं. टक, टक, टक.

थोरल्यानं खाली पाहिलं. धुतलेला ड्रम गळतो, खाली ओलं वर्तुळ उमटतं. फरशी कोरडी होती. नळी भिंतीवर गुंडाळलेली होती, तिच्या तोंडाशी थेंब नव्हता. पण मोठं दार उघडं होतं, ऊन आत येत होतं, आणि असल्या उन्हात फरशी वाळायला वेळ लागत नाही. तिनं पहाटेच धुतला असेल. किंवा नसेल. त्यानं ग्राइंडर खाली ठेवला आणि ड्रम कलता करून बुचं पाहायला हात घातला.

धाकटीनं ड्रमवर तळहात ठेवला.

"बघायचंय?"

"सवय आहे गं. आपलं उगीच..."

"ह्यांनी बघितलं होतं?"

तिनं खिशातली डबी काढून ड्रमवर ठेवली आणि उघडली. आतले काळे तुकडे तिनं पत्र्यावर एकाला एक लावून मांडले. पुरं पान होतं. अक्षरं राखाडी चमकत होती, त्याची स्वतःची, थोडी उजवीकडे झुकलेली.

"मी वाचलं," ती म्हणाली. "वर्षभर मी त्यांना बोल लावले, भाऊजी. रोज. फोटोसमोर उभी राहून."

थोरला ड्रमला धरून खाली बसला आणि वर्षभर जे पोटात होतं ते भडाभडा बाहेर आलं. "मी धुतलं नव्हतं. टेम्पोवाला हॉर्न मारत होता. म्हटलं, एकानं काय होतंय? खूण केली, ठोकलं. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली गं, हसला सुद्धा. मला ओरडता आलं असतं. तो ग्राइंडर उचलेपर्यंत वेळ होता. मी नाही ओरडलो. वाटलं, नाही होणार काही." तो रडत होता. "मला पोलिसात दे. घरातून घालव. पण मला आता सहन होत नाही."

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज हलला नाही. "हे मला कळलंय. मला नका सांगू. ज्याला सांगायचं राहिलंय त्याला सांगा."

त्याला कळलं ती काय म्हणतेय ते. त्यानं गार पत्र्याला कपाळ टेकलं. "अरे," तो म्हणाला, आणि पुढचं त्याला नीट म्हणता येईना. "अरे, मी खोटं ठोकलं रे."

त्याच्या कपाळाखाली, पत्र्याच्या आतल्या बाजूनं, उत्तर आलं.

टक, टक, टक.

एका मापाचे तीन. ते त्याच्या कवटीत उमटले. त्यानं वर पाहिलं. धाकटी पांढरीफटक पडली होती, तिचे दोन्ही हात छातीशी घट्ट धरलेले होते. तिनंही ऐकलं होतं. ही तिची करणी नव्हती, आणि तीही त्याच्याइतकीच घाबरली होती.

"काय म्हणतात?" तिनं कुजबुजत विचारलं.

"धुतलंय म्हणतोय," थोरला म्हणाला. "काप म्हणतोय."

सव्वीस वर्षांत धाकटा त्याच्याशी एकदाही खोटं बोलला नव्हता. थोरल्यानं डोळे पुसले आणि उठून ग्राइंडर हातात घेतला. तो नेहमीपेक्षा जड लागला. "तू बाहेर जा," तो म्हणाला. "पार फाटकापर्यंत जा."

धाकटी जागची हलली नाही. तिनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ग्राइंडरचं भिंतीवरचं बटण दाबलं.